एका पगाराची दोन पाकिटे

उद्यमनगरातील ज्या फौंड्रीत मी वीसहून अधिक वर्षे पगार वाटला, तिथली पगाराची खिडकी आता विटांनी बुजवली आहे. मालकांच्या चिरंजिवांनी सर्वांचा पगार बँकेत जमा करायचे ठरवले आणि ते योग्यच झाले. रोकड बाळगण्याची जोखीम गेली, आणि त्या जोखमीबरोबर माझी गरजही संपली. परवा काही कामाने तिकडून जात असताना नव्या विटांवरचा ओला गिलावा दिसला. हायसे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. एखाद्याला काही सांगायचे राहून जावे आणि त्याचे दार कायमचे बंद झालेले दिसावे, तसे झाले.

ती खिडकी बाहेर उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर होती. वर लोखंडी जाळी आणि खाली हात जाईल एवढी अर्धगोल फट. मी आत खुर्चीत बसलेला. चेहरा पाहायचा तर मान वाकडी करावी लागे, म्हणून मी हातच पाहत असे. भट्टीवाल्याच्या हातावरचे केस मनगटापर्यंत जळालेले असत. फिटरच्या नखांत ग्रीस. मोल्डरच्या तळव्यावरची प्रत्येक रेघ काळी, कारण साच्याची वाळू कातडीत मुरते आणि मग कोणत्याही साबणाला दाद देत नाही. हात कसा आत येतो यावरून हळूहळू मला घरे कळू लागली. ज्याने महिन्यात बरीच उचल घेतलेली असे, त्याचा हात फटीच्या कडेशी थांबे. ज्याच्या घरी कुणी आजारी असे, तो पाकीट घेताच मूठ आवळी. मी मोठ्याने बोलणारा माणूस नाही, समजावून सांगायची सवय आहे, म्हणून सगळे मला 'मास्तर' म्हणत. शाळेत मी एक दिवसही शिकवलेले नाही.

फौंड्रीशी संबंध न आलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. लोखंड वितळवून ते साच्यात ओतायचे, हा आमचा धंदा. तेलावर चालणाऱ्या इंजिनांचे भाग, उसाच्या चरकाचे दांडगे रूळ, असा माल आमच्याकडे होई. साचा वाळूचा असतो आणि तो करतो तो मोल्डर. वाळू डबीत, म्हणजे लोखंडी चौकटीत, भरून ती ठोकून बसवायची. हलकी बसली तर तापल्या लोखंडाच्या भाराने साचा खचतो. फार ठोकली तर आतली वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही आणि माल भोके पडून निघतो. हे माप मोजायचे यंत्र आमच्याकडे नव्हते. ते मोल्डरच्या तळव्यात असे.

बळवंत चौगुले हे आमच्याकडचे पहिल्या प्रतीचे मोल्डर. मी नोकरीला लागलो तेव्हा ते पस्तिशीचे असतील, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. तरुणपणी कुस्ती केलेले, दोन्ही कान मोडलेले. लग्नानंतर कुस्ती सुटली, पण मंगळवार पेठेतली तालीम सुटली नाही. तिथल्या चार-पाच गरीब पोरांचा खुराक, म्हणजे दूध, तूप आणि थंडाईचे बदाम, आपल्याच अंगावर आहे असे त्यांनी कुणी न सांगता ठरवून टाकले होते. एकदा मी त्यांना साचा करताना पाहत उभा होतो. मला म्हणाले, "वाळूला दम घ्याय जागा ठेवाय लागती, मास्तर. लई ठोकली की वाळू गप बसती, पर माल बोंबलतो."

पगाराच्या दिवशी त्यांचा हात खिडकीतून कोपरापर्यंत आत येई.

"द्या मास्तर, वझं हलकं करतो तुमचं."

पाकीट तिथेच फुटे. मोजणे नाही. खिडकीपासून फाटकापर्यंतचे अंतर ते काय, पण ते अंतर चालेपर्यंत कुणाच्या औषधाला, कुणाच्या पोराच्या पुस्तकाला, सगळ्या खात्याच्या भेळेला असे पैसे सुटत जात आणि उरलेल्यातले अर्धे तालमीत पोचत. भट्टीवरचे दस्तगीर त्यांचे जिवलग मित्र. ते रांगेतून ओरडत, "बळूदा, तुज्या खिशाला अस्तर न्हाय की रं."

"अस्तर हाय," बळवंतराव म्हणत, "तळ न्हाय."

सगळे हसत. मीही आत हसे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या मला त्या न मोजण्याचा थोडा हेवाही वाटे, हे कबूल करायला हवे.

सोमवारी कारखान्याला सुट्टी असे. हिशेबासाठी मी एकटाच येऊन बसत असे. अशाच एका सोमवारी दुपारी खिडकीपाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. कडेवर मूल होते. दार उघडे होते, पण त्या खिडकीपाशीच आल्या.

"हितंच पगार देता न्हवं?"

"हो. आपण कोण?"

"तुमच्या मोल्डरची मंडळी."

"कोणत्या मोल्डरची?"

त्यांना नाव घ्यायचे नव्हते. म्हणाल्या, "कान मोडल्यात त्येंची."

या हौसाबाई. त्यांनी मला एकच विचारले, पगार किती आहे. मी आकडा सांगितला. त्यांनी मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले. मग म्हणाल्या, "मला निम्म्याचाच ठाव हुता."

नंतर त्यांनी सगळे सांगितले, तेही रडून नव्हे, निवडलेले धान्य दाखवावे तसे. खोलीवाल्याने भांडी रस्त्यावर टाकायची धमकी दिली होती. त्या दुसऱ्यांच्या धुण्याभांड्याला जाऊ लागल्या होत्या आणि धाकट्याला सांभाळायला थोरल्या मुलीला, शारदाला, शाळेतून काढली होती. ती हुशार होती.

मी चाचरत विचारले, "ते पितात का?"

"न्हाय वो. पीत असतं तर चार माणसांत सांगाय आलं असतं. देत्यात, म्हणून कुणाला सांगू? माणूस वाईट न्हाय, मास्तर. वाईट असता तर सोपं हुतं."

मग त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "पगार माज्या हातात द्या."

मी म्हणालो की कायद्याने पगार कामगाराच्याच हाती द्यावा लागतो. त्यांनी स्वतः होकार दिला तरच काही करता येईल.

"मग इचारा की त्येस्नी. तुमचं ऐकत्यात."

पुढे पगाराच्या दिवसापर्यंत, म्हणजे दहा तारखेपर्यंत, मला धड झोप लागली नाही. काय करायला हवे होते ते तेव्हाही मला ठाऊक होते. संध्याकाळी बळवंतरावांबरोबर चालत जायचे, रंकाळ्याच्या तळ्यापर्यंत जायचे, दोघांनीच कुठे बसायचे आणि हलकेच विषय काढायचा. रोज सकाळी मी ते ठरवी आणि रोज संध्याकाळी सायकल काढून घरी जाई. मला त्यांच्या ताकदीची भीती नव्हती. त्यांच्या हसण्याची होती. ते हसून म्हणतील, "मास्तर, तुमाला माज्या घरात कुणी बोलावलं?" ही ती भीती.

शेवटी दहा तारीख आली. त्यांचा हात आत आला. मागे सगळी रांग उभी होती आणि माझ्यापुढे जाळी होती. त्या जाळीने मला धीर दिला.

"बळवंतराव, एक विचारायचे होते. पगारातली मोठी रक्कम परस्पर वहिनींच्या हाती दिली, तर चालेल का?"

मी हळू बोललो होतो. पण पगाराच्या रांगेत कारकून दोन वाक्ये जास्त बोलला की मागची कुजबुज आपोआप थांबते. तशी ती थांबली. हात फटीत तसाच होता. मग त्यांचे हसणे आले, नेहमीपेक्षा क्षणभर उशिरा.

"द्या की. लक्ष्मी लक्ष्मीच्या घरात. आमाला च्यापुरतं ठेवा म्हंजे झालं."

रांग हसली. दस्तगीर म्हणाले, "बळूदा, आजपास्नं तू तुज्याच घरात पावणा."

"पावण्याला जेवाण तरी गरम मिळतंय," बळवंतराव म्हणाले. "तुज्यागत न्हवं."

मला वाटले, होकार मिळाला. मागे एवढी माणसे उभी असताना पुरुषाला नाही म्हणता येत नाही, हे मला त्या वेळी कळले नाही असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. आता वाटते, कळले होते. म्हणूनच मी ते तिथे विचारले.

पुढच्या महिन्यापासून एका पगाराची दोन पाकिटे होऊ लागली. मोठे पाकीट घ्यायला हौसाबाई येत. सुटी झाल्यावर वाळूच्या ढिगाच्या आडोशाला उभ्या राहत आणि रांग संपली की खिडकीपाशी येत. लहान पाकीट बळवंतरावांचे. पहिले काही महिने त्यांनी ते तसेच तालमीत नेऊन रिकामे केले. नंतर ते पाकीट न फोडता खिशात घालू लागले. आणि मग, केव्हापासून ते मला सांगता येणार नाही, त्यांचा हात कोपरापर्यंत आत येईनासा झाला. नुसती बोटे येत.

घराचे मात्र रूप पालटत गेले, आणि ते सांगताना मला आजही बरे वाटते. खोलीचे थकलेले भाडे फिटले. शारदाचे नाव पुन्हा शाळेत घातले. हौसाबाईंनी धुण्याभांड्याची कामे सोडली, भिशी लावली, भिशीतून शिलाईचे यंत्र आणले. पाच-सहा वर्षांत उचगावला दीड गुंठा जागा घेतली आणि पुढे तिथे दोन खोल्या उभ्या राहिल्या. पाकीट घेताना त्या मला थोडक्यात वार्ता देत. "पाया काढला, मास्तर." "कौलं आली." "शारदी सातवीत पयली आली." मी ती वार्ता स्वतःच्या घरची असावी तशी जेवताना बायकोला सांगत असे.

ही गोष्ट बायकांमध्ये पसरली. आणखी पाच-सहा जणी आल्या आणि त्यांच्याही घरची दोन-दोन पाकिटे मी करू लागलो. त्यांतल्या एकीचा नवरा खरोखरच पगार गुत्त्यात ठेवून येणारा होता. त्या घरात या दुसऱ्या पाकिटाने पोरे जगली, यात मला शंका नाही. मालक एकदा चेष्टेने म्हणाले, "मास्तर, तुम्ही माझा कारखाना चालवता की लोकांचे संसार?" मी नम्रपणे हसलो. त्या हसण्यात नम्रता किती होती, ते मलाच माहीत आहे.

खटकले ते चहावरून. आमच्याकडे दुपारी चहाची किटली येई. हिशेब कुणी ठेवत नसे, पण पद्धत पक्की होती. आज मी सगळ्यांना पाजला, उद्या तू पाजायचास. बळवंतराव किटली आली की वाळू चाळायला उठून जाऊ लागले. कुणी हाक मारली तर म्हणत, "पित्त झालंय." हे पित्त वर्षभर चालले. मी आपुलकीने त्यांना आमसुलाचा उपायही सुचवला. तेव्हा दस्तगीर एकदा खिडकीशी आले आणि जाळीला तोंड लावून म्हणाले,

"मास्तर, बळूदाला पित्त न्हाय. च्या पाजाय पैसा न्हाय, म्हणून पीत न्हाय. दुसऱ्याचा पिला तर आपुन पाजाय लागतो की."

"पण लहान पाकीट असते ना त्यांच्याजवळ?"

"त्येच्यातनं बस, बिडी, पोरांस्नी खाऊ. ह्यो माणूस आक्ख्या खात्याला भेळ घालत हुता. एक कप च्या कसा मोजून पाजंल? त्येच्यापरास पित्त बरं."

त्यांनी आणखी एक सांगितले. उचगावच्या बसपर्यंत जायला बळवंतरावांनी आता लांबची वाट धरली होती, कारण जवळच्या वाटेवर तालीम लागे. "रिकाम्या हातानं तालमीच्या दारात कसं जायाचं, म्हणतोय," दस्तगीर म्हणाले. "मी म्हटलं, आरं, हात मिळवाय जा. तर हातच बगत बसला."

त्या महिन्यात हौसाबाई आल्या तेव्हा मी त्यांना थांबवले आणि धीर करून म्हणालो, "वहिनी, त्यांचे पाकीट थोडे वाढवले तर?"

त्यांनी हातातले पाकीट पदराला बांधले. मग म्हणाल्या, "वाढवा की. मी कवा नको म्हटलं? पर त्येनी मागितलं का तुमाला?"

"नाही."

"मलाबी न्हाय. एवड्या वर्सांत एकदाबी न्हाय. ताट वाढलं की जेवत्यात, पाणी दिलं की पित्यात. पयलं भांडत तरी हुतं. मी हितं येऊन तुमच्याफुडं तोंड उघडलं, मास्तर, परक्या माणसाफुडं. त्येनी माज्याफुडं एकदा तोंड उघडाय नको?"

मी पाकीट वाढवले. बळवंतरावांच्या बोटांना ते जाड लागले असणार, पण त्यांनी काही विचारले नाही. पुढच्या महिन्यात हौसाबाईंनी सांगितले की वाढवलेली रक्कम ते न बोलता देवापुढे ठेवतात आणि ती तिथून त्यांनाच उचलावी लागते.

त्याच सुमाराची एक दुपार माझ्या मनातून जात नाही. तालमीतल्या ज्या पोरांना त्यांनी खुराक पुरवला होता, त्यांपैकी एकाची खासबागेच्या मैदानात मोठी कुस्ती लागली होती. खात्यातली निम्मी माणसे रजा काढून गेली. असा पठ्ठ्या जिंकला की त्याला फेटा बांधायचा, हातावर बक्षीस ठेवायचे, ही रीत. बळवंतराव कामावर होते. मी काही निमित्त काढून खात्यात गेलो. ते एकटे साचा ठोकत बसले होते. वारा त्या बाजूचा होता. मैदानातली हलगी मधूनच ऐकू येई आणि मग एकदम हजारो माणसांचा गलका उठला. त्यांचा ठोकण्याचा हात थांबला. गलका विरेपर्यंत थांबला. मग ते पुन्हा ठोकू लागले आणि ठोकतच राहिले. कितीतरी वेळ. दुसऱ्या दिवशी तो माल भोके पडून निघाला. त्यांच्या हातचा असा माल मी पहिल्यांदाच पाहिला. कुणी त्यांना काही म्हणाले नाही.

इथे कुणाला वाटेल की दोष सरळ आहे आणि तो माझ्या पदरात टाकून विषय संपवावा. मलाही तसे वाटले असते. पण मग कारखाना बंद पडला.

इंजिनांची मागणी आटली, विजेची कपात आली, आणि मालकांनी एके दिवशी भट्टी थंड ठेवायचे जाहीर केले. ते काही महिने मी विसरू शकत नाही. मला निम्म्या पगारावर हिशेबासाठी ठेवले होते, म्हणून मी रोज रिकाम्या खिडकीत बसत असे. येणारा कामगार एकच विचारी, "कवा?" आणि मला माहीत नसे. कुणी गावी निघून गेले, कुणी हमाली धरली, कुणाची तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली. दस्तगीरांचा मुलगा तेव्हा तापाने आजारी होता. रोज सकाळी कुणाची कोणती बातमी कानावर येईल या धास्तीने मी घरातून निघत असे.

बळवंतरावांचे घर मात्र हलले नाही. हौसाबाईंच्या उतरंडीत ज्वारी होती, पोस्टात पैसे होते, यंत्र चालत होते. एवढेच नव्हे, दस्तगीरांच्या मुलाचे औषध त्यांनीच भागवले आणि त्यांच्या घरी ज्वारीही पोचवली. हे मला दस्तगीरांनीच सांगितले. हौसाबाई बोलल्या नाहीत.

त्या दिवसांत मी एकदा उचगावला गेलो. मनात कुठेतरी असे होते की आता बळवंतराव मला बरे म्हणतील. ते अंगणात बसले होते. शारदा शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला जाणार होती, त्याची आतबाहेर लगबग चालली होती. हौसाबाईंनी चहा आणला. बळवंतरावांनी कप हातात घेतला आणि घराकडे पाहत म्हणाले,

"घर चाललंय, मास्तर."

"तुमच्याच कष्टांवर चालले आहे," मी म्हणालो.

"व्हय." मग थोड्या वेळाने, "मी न्हाय चालवत. पर चाललंय."

त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. राग असता तर मी क्षमा मागितली असती. निघताना त्यांनी मला रस्त्यापर्यंत पोचवले. मी बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात बस आली आणि मी चढलो. पुढची बस अर्ध्या तासाने होती. मला ती घेता आली असती.

भट्टी पुन्हा पेटली, वर्षे गेली. शारदा शिक्षिका झाली, तिचे लग्न झाले, धाकटा तांत्रिक शिक्षण घेऊन हुपरीच्या बाजूला नोकरीस लागला. बळवंतरावांचे कामावरून निवृत्त व्हायचे दिवस आले. मालकांनी त्यांची निवृत्तीची सगळी रक्कम, शेवटच्या पगारासह, रोखीने द्यायचे मान्य केले. हिशेब माझ्या हातात आला. या वेळी मी चुकायचे नाही असे ठरवले. पाकीट एकच करायचे आणि ते रांगेत नव्हे, निवांत, त्यांच्याच हाती द्यायचे.

आधी मी उचगावला जाऊन हौसाबाईंशी बोललो. त्यांना नाराजी वाटेल अशी मला शंका होती. त्या म्हणाल्या, "त्येंच्याच हातात द्या, मास्तर. मी लांब उभा ऱ्हातो. मलाबी बगायचं हाय." मग पदराने डोळे न पुसताच त्या आत निघून गेल्या.

ठरलेल्या दिवशी दुपारी, पहिली पाळी सुटायच्या जरा आधी, मी बळवंतरावांना बोलावले. खिडकीपाशी दुसरे कुणी नव्हते. हौसाबाई वाळूच्या ढिगाच्या आडोशाला उभ्या होत्या, अगदी पहिल्या पाकिटाच्या दिवसासारख्या. मी जाडजूड पाकीट फटीतून बाहेर सरकवले आणि हात मागे घेतला.

हात आला नाही.

मी मान वाकडी करून पाहिले. बळवंतराव पाकिटाकडे पाहत उभे होते. केस पिकलेले, मोडलेल्या कानांच्या कडा पातळ झालेल्या. दोन्ही हात पाठीमागे.

"कुणाचं ह्ये?"

"तुमचे. सगळे."

"ती आलीया न्हवं? बोलावतो."

"नाही, बळवंतराव. हे तुम्हीच घ्यायचे."

ते तसेच उभे राहिले. तेव्हा मी एक गोष्ट केली, जी एवढ्या वर्षांत केली नव्हती. खुर्चीतून उठलो, दाराने बाहेर आलो आणि त्यांच्या शेजारी, खिडकीच्या त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. इकडून ती फट किती लहान दिसते, ते मला तेव्हा कळले. मी म्हणालो, "बळवंतराव, तेव्हा मी तुम्हाला रांगेसमोर विचारले. तसे विचारायला नको होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते विसरले असतील असे मला वाटत होते. विसरले नव्हते.

"मी तवा न्हाय म्हटलं असतं तर, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "मग शारदीची शाळा ऱ्हायली असती. बरं झालं इचारलं." मग म्हणाले, "एकट्याला इचारलं असतं तरीबी व्हय म्हटलं असतं. पर ते मी म्हटलं असतं."

हौसाबाई पुढे आल्या होत्या. "अवो, घ्या की. मास्तर अवघडल्यात."

बळवंतरावांनी पाकीट उचलले आणि न फोडता तसेच त्यांच्या हातात ठेवले. हौसाबाईंनी ते क्षणभर धरले, मग स्वतः फोडले, एक नोट काढली आणि नवऱ्याच्या तळव्यावर ठेवून त्याची मूठ मिटवली. "आज सगळ्यास्नी च्या पाजा," त्या म्हणाल्या. "किटली आली असंल."

बळवंतरावांनी मूठ उघडून नोटेकडे पाहिले. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, आता च्या केवड्याला आलाय?"

मी सांगितले. ते ओठ हलवत मनाशी हिशेब करू लागले. एक कप एवढ्याला, तर खात्यातली माणसे किती, त्यांत नवी किती, दस्तगीर आज दुसऱ्या पाळीला. मध्येच चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला आकडा केव्हाच आला होता, पण मी तो तोंडातून काढला नाही. हौसाबाईंनीही त्यांना मोजू दिले. तेवढ्यात सुटीचा भोंगा झाला, आणि ज्यांना चहा पाजायचा होता ती माणसे आमच्या तिघांच्या बाजूने सायकली काढून घरी निघाली.